एकवीस दिवसांचा पाठ : घरची खुडूक कोंबडी व अंड्यांची पारख
(इयत्ता चौथी व पाचवी, परिसर अभ्यास, गणित व भाषा यांचा अनुबंधित पाठ)

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व इगतपुरी या तालुक्यांतील पाड्यांवर सकाळी फेरी मारली, तर बहुतेक अंगणांत दोनचार गावरान कोंबड्या दाणे टिपताना दिसतात. त्या घरातील नऊदहा वर्षांच्या मुलास कोणती कोंबडी अंड्यावर आहे, कोणती खुडूक झाली आहे व कोणती नुसतीच कलकलाट करते, हे अचूक सांगता येते. शाळेच्या दारात पाऊल ठेवताच मात्र हे सारे ज्ञान तो चपलांबरोबर बाहेर काढून ठेवतो. वाचनात अडखळणारा तोच मुलगा मग वर्गात मंद गणला जातो. त्याचे घरचे ज्ञान वर्गात आणणे व त्यास शास्त्राची शिस्त लावणे, हा प्रस्तुत पाठाचा हेतू होय.

ही दृष्टी महाराष्ट्रास नवी नाही. श्रीमती ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी व श्रीमती अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कुरणशाळा चालविल्या. मूल जेथे असेल तेथे शाळेने जावे, हे त्या कार्याचे सूत्र होते. अंड्यांचा पाठही त्याच सूत्राने घ्यावयाचा आहे.

१. पाठ कोठे घ्यावा?

हा पाठ हाती घेणाऱ्या शिक्षकास प्रथम असे वाटते, की शाळेत एक पेटी करावी, तीत विजेचा दिवा लावावा आणि मुलांना घरून अंडी आणावयास सांगावे. हा मोह टाळणे इष्ट आहे. शाळेत रात्री कोणी नसते, वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि पेटीतील उष्णता चारपाच अंशांनी वाढली तर काही तासांतच गर्भ मरतात. शिवाय आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. ती अंडी मुलाची नसतात, त्याच्या आईची असतात. मीठमिरची, वही, औषध यांसाठी अडीअडचणीला विकावयाची ती तिची शिल्लक होय. गुरुजींनी मागितली म्हणून मुलाने बारा अंडी आणली आणि ती शाळेत नासली, तर त्या घराचे जे नुकसान होते ते कोणत्याही प्रगतिपुस्तकात लिहिले जात नाही. पण पुढच्या वेळी त्या घरातून शाळेच्या कामाला सहकार्य मिळत नाही.

म्हणून या पाठाची व्यवस्था अशी असावी : कोंबडी घरी, नोंद शाळेत. ज्या घरी कोंबडी नुकतीच खुडूक झाली आहे, अशी दोनतीन घरे निवडावीत. शिक्षकांनी स्वतः तेथे जाऊन घरच्या बाईची परवानगी घ्यावी. ती जी अंडी एरवीही बसविणारच होती, तीच पाठाची सामग्री समजावी. पिले तिचीच राहतील, हे स्पष्ट सांगावे. ज्या कुटुंबांत अंडी वर्ज्य आहेत त्या घरच्या मुलांस अंडे हाताळण्याचा आग्रह करू नये. तापमान वाचणे, नोंदवही ठेवणे, आलेख काढणे ही कामे त्यांच्याकडे द्यावीत.

२. शिक्षकांनी जाणून घ्यावयाच्या गोष्टी

अंड्यात जीव कसा वाढतो, हे कुतूहल फार प्राचीन आहे. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने कोंबडीखालची अंडी निरनिराळ्या दिवशी फोडून पाहिल्यावर मिळणारे वर्णन लिहून ठेवले. तीन दिवस व तीन रात्री लोटल्यावर गर्भाची पहिली चिन्हे दिसतात आणि हृदय रक्ताच्या ठिपक्यासारखे हलताना दिसते, असे त्याने नोंदविले. इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत मंद ऊब देऊन हजारो अंडी उबविण्याची कला प्राचीन काळापासून चालत आली. सतराव्या शतकात इटलीतील माल्पिघी याने सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या गर्भाचे निरीक्षण केले. आज आपणांस अंडे न फोडता, केवळ उजेडाच्या साहाय्याने, आतील बरेच काही पाहता येते.

अंडे उबण्यासाठी चार गोष्टी लागतात : ऊब, ओलावा, हवा व हालचाल. कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते. तिच्या पोटाखाली अंड्यास सुमारे साडेसदतीस ते अडतीस अंश ऊब मिळते. कवचास हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून प्राणवायू आत येतो व ओलावा बाहेर जातो. पहिल्या अठरा दिवसांत अंड्याचे वजन सुमारे बारा टक्क्यांनी घटते व बोथट टोकाकडील हवेची पोकळी तेवढी मोठी होते. याच पोकळीत पिलू विसाव्या दिवसाच्या सुमारास चोच घालून पहिला श्वास घेते. कोंबडी दिवसातून अनेकदा चोचीने व पायांनी अंडी फिरविते. ती फिरली नाहीत तर गर्भ आतील पापुद्र्यास चिकटून मरण्याचा संभव असतो. जे काम यंत्रास तापमापक, पाण्याचे भांडे व फिरते कप्पे लावून करावे लागते, ते खुडूक कोंबडी टोपलीत बसून करते, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

३. पूर्वतयारी व अंड्यांची निवड

खुडूक कोंबडीची ओळख मुलांकडूनच काढून घ्यावी. ती खुराड्यातून उठत नाही, पिसे फुलविते, हात लावू गेल्यास चोच मारते व विशिष्ट आवाज काढते. तिची परीक्षा म्हणून एकदोन दिवस तिला खोट्या किंवा टाकाऊ अंड्यावर बसवून पाहण्याची घरोघरची रीत शास्त्रास धरूनच आहे.

अंडी निवडताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

(अ) कळपात कोंबडा असला पाहिजे. दुकानात मिळणारी अंडी बहुधा कोंबड्याशिवाय ठेवलेल्या कोंबड्यांची असतात. ती फलित नसल्याने कितीही ऊब दिली तरी त्यांतून पिलू निघत नाही. मुलांना हे कोडे प्रथम घालावे व उत्तर शोधू द्यावे.

(आ) अंडे शक्यतो सात दिवसांच्या आतील असावे. जमविलेली अंडी थंड, सावलीच्या जागी, टोकदार बाजू खाली करून ठेवावीत. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, घातल्याची तारीख लिहावी.

(इ) तडा गेलेली, फार मोठी, फार लहान, वेडीवाकडी व घाण लागलेली अंडी बाजूला काढावीत. अंडी धुऊ नयेत. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो. तो गेला की छिद्रांतून रोगजंतू आत शिरतात.

(ई) गावरान कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरेत. अधिक ठेवल्यास कडेची अंडी उघडी पडतात, फिरविताना त्यांची जागा बदलते व एकेक करून बरीचशी गारठतात.

टोपलीत तळाशी माती, तिच्यावर राख व भाताचा कोरडा पेंढा घालून मध्यभागी किंचित खोलगट करावे. कोंबडीच्या पिसांत उवा-पिसवा असल्यास ती स्वस्थ बसत नाही, म्हणून आधीच तपासावे. टोपली अंधाऱ्या, शांत, मांजर व मुंगूस पोहोचणार नाही अशा जागी ठेवावी. दाणापाणी जवळच असावे. कोंबडी दिवसातून एकदा-दोनदा थोडा वेळ उठते. तेवढ्याने अंडी बिघडत नाहीत, हे सांगावे.

ऋतूचा विचारही अगत्याचा आहे. मालेगाव व नांदगावकडे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. निफाडला हिवाळ्यात कडाक्याची थंडी पडते. इगतपुरीच्या पावसात पेंढा ओला होऊन त्यास बुरशी येते. दिवाळीनंतरचे दोनतीन महिने सर्वांस सोयीचे. कडक थंडीच्या गावी टोपली चुलीच्या भिंतीकडे, पण धुरापासून दूर ठेवावी.

अंडी मंगळवारी सायंकाळी बसवावीत. मग सातवा व चौदावा दिवस मंगळवारी, अठरावा शनिवारी व एकविसावा पुन्हा मंगळवारी येतो. सर्व महत्त्वाचे दिवस शाळेचे ठरतात. बसविल्याचा दिवस शून्य धरून मोजणी करावी. याच ठिकाणी मुलांची दिवसांच्या मोजणीतील नेहमीची चूक दुरुस्त करता येते.

४. उजेडातील पारख

साहित्य : पुठ्ठ्याचा खोका, लहान विजेरी किंवा भ्रमणध्वनीचा दिवा, काळे कापड.

खोक्याच्या एका बाजूस सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाचे गोल भोक पाडावे. आत दिवा असा ठेवावा की त्याचा झोत भोकातून सरळ बाहेर येईल. पूर्वी या कामी मेणबत्ती वा कंदील वापरीत. आजच्या दिव्यास उष्णता कमी असल्याने अंड्यास धोका राहत नाही. खोली अंधारी करावी. अंड्याची बोथट बाजू भोकाशी टेकवून ते हळूहळू फिरवावे. कोंबडी रात्री शांत असते, म्हणून ही पारख संध्याकाळनंतर घरीच करावी. एक अंडे एका मिनिटाच्या आत पाहून परत ठेवावे. हात आधी व नंतर साबणाने धुवावेत.

पहिली पारख, सातवा दिवस. तीन प्रकार दिसतात :

(१) अंड्यात तांबड्या रेषांचे जाळे पसरलेले व मध्ये काळसर ठिपका, जणू पाय पसरून बसलेला कोळी. हा जिवंत गर्भ होय. काळा ठिपका बहुधा त्याचा डोळा असतो.

(२) अंडे सर्वत्र स्वच्छ, आत बलकाची फिकट सावली तेवढी हलते. हे अफलित अंडे.

(३) रेषांचे जाळे नाही, परंतु तांबडे कडे दिसते. येथे गर्भ वाढू लागला होता व मेला. यास रक्तवलय म्हणतात.

दुसरी पारख, चौदावा दिवस. जिवंत अंडे बरेचसे गडद दिसते, हवेच्या पोकळीची कड स्पष्ट असते व क्षणभर स्थिर धरल्यास आतील हालचाल जाणवते. गढूळ, ढवळल्यासारखे किंवा दुर्गंधी येणारे अंडे तत्काळ काढून पुरावे. ते फुटल्यास इतर अंड्यांस दोष लागतो.

तिसरी पारख, अठरावा दिवस. पोकळी सोडून सर्व अंडे काळे दिसते. यानंतर अंड्यास हात लावू नये. कवच जाड तपकिरी असल्यास सातव्या दिवशी नीट दिसत नाही. शंका आली तर अंडे टाकून न देता तसेच राहू द्यावे व दोनतीन दिवसांनी पुन्हा पाहावे. शंकेचा फायदा नेहमी अंड्यास द्यावा.

पारख करून वेगळ्या काढलेल्या अंड्यांपैकी केवळ स्वच्छ, अफलित अंडे वर्गात फोडून दाखवावे. जिवंत गर्भाचे अंडे पाहण्यासाठी फोडू नये. वर्गात चित्र पुरते.

५. फलकावर काढावयाची दिनवारी

दुसऱ्या दिवसाच्या सुमारास : हृदय धडधडू लागते.
चौथा दिवस : रक्तवाहिन्यांचे जाळे व डोळ्याचा ठिपका.
दहावा दिवस : चोचीचा आकार व पिसांचे अंकुर.
चौदावा दिवस : अंगावर मऊ लव, डोके बोथट टोकाकडे वळते.
सोळावा दिवस : पायांवरील खवले, नखे व चोच कठीण होतात.
एकोणिसावा-विसावा दिवस : उरलेला बलक पोटात ओढला जातो, चोच हवेच्या पोकळीत शिरते.
एकविसावा दिवस : कवच फुटते.

चित्र काढताना एकेक दिवस उलगडत न्यावा. सर्व चित्रे पहिल्याच दिवशी काढल्यास मुलांची वाट पाहण्याची गोडी नष्ट होते.

६. फुटण्याचा दिवस

या दिवशी मुलांच्या धीराची परीक्षा असते. कवचास बारीक तडा गेला, आतून चिवचिव ऐकू येऊ लागली, की मुले म्हणतात, “गुरुजी, आपण फोडून देऊ का?” उत्तर ठामपणे नकारार्थी असावे व कारण समजावून द्यावे. पहिला तडा व पिलू बाहेर येणे यांत बारा ते चोवीस तासही जातात. या वेळात कवचाच्या आतील रक्तवाहिन्यांतील रक्त पिलाच्या शरीरात परत जाते व पोटात घेतलेला बलक स्थिरावतो. घाईने कवच सोलल्यास रक्तस्राव होऊन पिलू दगावते. चोचीच्या टोकावरील बारीक कठीण दाणा कवच फोडण्यासाठीच असतो व पुढे गळून पडतो. मदत न करणे हीही कित्येकदा मदत असते, हा धडा मुलांस येथे डोळ्यांनी दिसतो.

पोटातील बलकावर पिलू दोन दिवस निभावते. म्हणून कोंबडी उरलेली अंडी फुटेपर्यंत टोपली सोडत नाही, तरी आधीची पिले उपाशी मरत नाहीत.

७. पेटीविषयी थोडेसे

ज्या घरी खुडूक कोंबडी नाही पण वीज बऱ्यापैकी टिकते, तेथे पेटी करता येते. जाड थर्माकोलची पेटी, लहान दिवा, तापमान राखणारे स्वयंचलित बटण, तापमापक, आर्द्रतामापक व पाण्याचे पसरट भांडे एवढे साहित्य लागते. आत पंखा असल्यास तापमान साडेसदतीस अंश, पंखा नसल्यास अंड्यांच्या वरच्या पातळीस अडतीस अंशांहून किंचित अधिक ठेवावे. आर्द्रता पहिले अठरा दिवस पन्नास ते पंचावन्न टक्के व नंतर पासष्ट ते सत्तर टक्के असावी. अंड्याच्या एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस गोल काढून ती दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत. आकडा विषम ठेवला की रात्रीची दीर्घ विश्रांती रोज एकाच कुशीवर होत नाही. अठराव्या दिवसानंतर फिरविणे थांबवावे. वीज गेल्यास पेटी गोधडीने झाकावी. मात्र हवेची छिद्रे बंद करू नयेत. थोड्या थंडीने पिलू उशिरा येते, थोड्या जास्त उष्णतेने ते मरते, हे ध्यानात ठेवावे. तारांचे काम मोठ्या माणसानेच करावे.

८. अनुबंध

गणित : समजा, बारा अंडी बसविली. सातव्या दिवशी दोन अफलित निघाली, एकात पुढे गर्भ मेला व नऊ पिले निघाली. एकूण अंड्यांशी प्रमाण पंचाहत्तर टक्के; फलित दहा अंड्यांशी प्रमाण नव्वद टक्के. एकाच टोपलीचे दोन निरनिराळे आकडे का येतात, हे मुलांकडून वदवून घ्यावे. पहिला आकडा कळपाविषयी सांगतो, दुसरा उबवणीविषयी. चाळीस ग्रॅमचे अंडे अठरा दिवसांत बारा टक्के घटल्यास किती उरेल, हे उदाहरणही घालावे (उत्तर : ३५.२ ग्रॅम).

भाषा : खुडूक, खुराडे, डालगे, बलक, टरफल यांसाठी घरच्या बोलीत कोणते शब्द आहेत, याची यादी करावी. कोकणी, वारली, भिली शब्दांस फलकावर प्रमाण शब्दाशेजारी समान जागा द्यावी.

समज व पडताळा : विजेच्या कडकडाटाने अंडी नासतात, लांबट अंड्यातून कोंबडा निघतो, असे समज ऐकू येतात. त्यांची थट्टा करू नये. लांबट व गोल अंड्यांवर वेगळी खूण करावी, पिलांच्या पायांत दोन रंगांचे सैलसर दोरे बांधावेत, वाढीबरोबर ते बदलावेत व काही महिन्यांनी नर-मादी मोजावेत. दोनतीन घरांच्या नोंदी जमल्या की समज आपोआप तराजूत पडतो. आजीचे म्हणणे खोटे ठरविण्यापेक्षा आजीसमोर मोजून पाहणे अधिक फलदायी.

९. आरोग्याची दक्षता

कोंबड्यांत एकाएकी मरतूक सुरू झाल्यास पाठ तत्काळ थांबवावा, मेलेल्या पक्ष्यास मुलांनी हात लावू नये व नजीकच्या पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००६ सालच्या फेब्रुवारीत भारतातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नाशिक विभागातीलच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूर येथे आढळला होता व तेथील कोंबड्या मोठ्या संख्येने नष्ट कराव्या लागल्या. पिलांना मानमोडी, म्हणजे रानीखेत रोगाची लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात वा नाकात थेंब घालून दिली जाते. ती कोठे व केव्हा मिळेल याची चौकशी मुलांनी पत्र लिहून करावी. हेच पत्रलेखनाचे खरे प्रयोजन होय.

१०. नोंदवहीविषयी अखेरचे

या पाठाचे मूल्यमापन किती पिले निघाली यावरून करावयाचे नाही. ज्या मुलाच्या घरी बारांपैकी चारच पिले निघाली, तो मान खाली घालून येतो व नोंदवहीत आठ लिहितो, असा प्रसंग येणे अशक्य नाही. त्यास रागावू नये. त्या आठ अंड्यांचे काय झाले हे त्याच्यासह बसून शोधावे : किती स्वच्छ होती, कितींत तांबडे कडे होते, किती शेवटी गेली. अफलित अधिक असतील तर कोंबडा म्हातारा झाला असेल किंवा अंडी फार दिवस साठविली असतील. मधेच मेली असतील तर कोंबडी वारंवार उठली असेल. शेवटी गेली असतील तर ओलावा कमी पडला असेल. ही कारणे सापडली तर पुढील खेपेस त्याच्या आईच्या टोपलीत दोनतीन पिले अधिक येतील, आणि ती खरी नोंद केल्यावाचून सापडणार नाहीत.

नोंदवहीतील स्तंभ असे असावेत : अंड्याचा क्रमांक, घातल्याची तारीख, सातवा दिवस, चौदावा दिवस, अठरावा दिवस, निकाल, संभाव्य कारण. “निकाल” या स्तंभात “मेले” हा शब्द लिहिण्यास मुलांना संकोच वाटू देऊ नये. पाठ संपल्यावर वही घरच्या बाईस वाचून दाखवावी. तिला अक्षरओळख नसेल, तर तिच्याच मुलाने ती वाचावी. आपल्या टोपलीचा हिशेब मुलाच्या तोंडून ऐकताना शाळेत काय शिकवितात हे तिला कळेल. आणि ती त्यात एखादी चूक काढील, तर शिक्षकांनी ती आनंदाने दुरुस्त करून घ्यावी.